मागचा खांदा

१

भमरीला पूर आला की सागपाणी पाडा जगातून वजा होतो. हे दर पावसाळ्यात होतं, त्यामुळे त्याची कुणी बातमी करत नाही. मोलगीच्या बाजाराला मीठ-मिरची आणायला गेलेला माणूस पाणी उतरेपर्यंत पलीकडच्या सोयऱ्याकडे राहतो, आणि सोयऱ्याची कोंबडी संपत आली की सोयराच रोज सकाळी नदी बघून येऊ लागतो. उखा नावाचा एक जण असाच पलीकडे अडकला, तर पूर उतरेपर्यंत त्याचं तिकडे दुसरं लग्न लागलं म्हणतात. खरंखोटं भमरीला ठाऊक. पहिल्या बायकोने मात्र तेव्हापासून त्याला बाजाराला पाठवलेलं नाही.

भमरीवर पूल आहे. म्हणजे पुलाचे दोन खांब आहेत. ते पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्यावर काही नाही. कोण्या ठेकेदाराने ते उभे केले आणि मग त्याला दुसरीकडे काम निघालं. पाड्याने त्या खांबांचाही उपयोग शोधून काढला. पाणी खांबाच्या कमरेला असलं तर नदी उतरायची, गळ्याला लागलं तर घरी बसायचं. पुराचा इशारा मोबाइलवर येतो. पण रेंज टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, त्यामुळे फोन घेऊन जो कुणी तिथं चढतो त्याला गेल्या आठवड्याचा पूर आज कळतो. तालुक्याला एक रबरी होडीही आहे. ती पाहिलेला माणूस सागपाणीत नाही, पण ती केशरी आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे.

मग आजारी माणूस न्यायचा कसा? झोळीतून. एक लांब बांबू, त्याला दोन्हीकडून बांधलेली गोधडी, पुढे एक खांदा आणि मागे एक. झोळीतल्या माणसाचं डोकं पुढच्याच्या पाठीकडे असतं, पाय मागे. म्हणून पुढच्याने वाट बघायची आणि मागच्याने माणूस. आणि झोळीतल्या माणसाला सगळी वाट मागच्याचंच तोंड दिसत राहतं.

याचे दोन-तीन कायदे आहेत. दोघांनी पाऊल जुळवायचं नाही, नाहीतर झोळी पाळण्यासारखी झुलते. खांदा मोडायला आला की ‘खांदा!’ म्हणून ओरडायचं. मग ऐकणारा शेतात असो, मोहाची घेऊन बांधावर पडलेला असो, सात पिढ्यांचा वैरी असो, तो धावत येऊन बांबूखाली खांदा देतो. भार उतरेपर्यंत त्याचं नाव विचारायचं नाही, आणि पुढच्याने वळून बघायचं नाही. यात देवाधर्माचं काही नाही. पुढचा वळला की बांबू फिरतो आणि बांबूबरोबर माणूस. आणि नाव विचारलं की वैर आठवतं.

२

निशाच्या कळा त्या सकाळी सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. दिवस भरत आले की तिला पलीकडे, सडकेवरच्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं असं ठरलं होतं. तपासायला येणारी आशाताई तसं बजावून गेली होती, आणि निशाचा नवरा दिलवरसिंग याने मान हलवून हो म्हटलं होतं. पोटातल्या लेकराला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिलवरची आई दिवलीबाई ही पाड्याची दाई. अर्धा पाडा तिच्याच हातावर जन्मलेला, त्यामुळे कुणालाही कसलीही शिवी द्यायचा तिला हक्क होता आणि तो ती वाया घालवत नसे. त्या दिवशी तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि शिवी दिली नाही. दिलवर तिथेच उठून उभा राहिला.

“आडवं आहे,” ती म्हणाली.

“मग फिरव ना.”

“फिरवलं. परत आडवं झालं. तुझ्यावर गेलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “दवाखाना पाहिजे, दिलवर. आजच. हे माझ्या हातचं नाही.”

पाड्यातले धडधाकट गडी गुजरातेत बांधकामावर गेलेले. उरले होते वाहरूकाका, ज्यांचे गुडघे त्यांच्याही आधी म्हातारे झालेले, आणि नवलसिंग, निशाचा थोरला भाऊ. तो बहिणीला बघायला वरच्या पाड्याहून आला होता आणि पावसाने इथंच अडकला होता. दिलवर मोहाखाली चढून फोन करून आला. दवाखान्याची गाडी पलीकडे डांबर संपतं तिथवर येणार होती. त्याच्या अलीकडे यायला तिला रस्ताच नव्हता.

ही माणसं आपसांत पावरी बोलतात. ते बोलणं इथं मराठीत घेतलं आहे, आणि नवलसिंगच्या तोंडचे निम्मे शब्द गाळले आहेत.

“दाजी,” बांबूला गोधडीची गाठ मारता मारता तो म्हणाला, “तुमच्या दारात नदी आहे हे बहीण देताना सांगितलं असतं, तर बरोबर एक होडी दिली असती.”

“होडी दिली असतीस तर तूच तिच्यात बसून रोज जेवायला आला असतास.”

“भांडा,” झोळीतून निशा म्हणाली. “सावकाश भांडा. मला काही घाई नाही.” मग कळ आली आणि तिने बांबू असा धरला की हाताची नखं पांढरी पडली. दोघांनी बांबू खांद्यावर घेतला.

३

भमरी गढूळ होती आणि बोलत होती. पूर चढताना तिचा आवाज वेगळा असतो. खाली दगड गडगडत जातात, त्यामुळे पायांना तो कानांच्या आधी कळतो. खांब छातीपर्यंत बुडाला होता.

“कंबर म्हणजे उतरा, गळा म्हणजे बसा,” वाहरूकाका काठी रोवत म्हणाले. “छातीचं काही ठरलेलं नाही.”

“थांबून बघू?” नवलसिंगने विचारलं.

दिवलीबाईने गोधडीचा कोपरा नुसता वर केला. खालचं कापड लाल झालं होतं. तिने कोपरा परत झाकला.

“मी पाणी उतरलं की येते,” ती मुलाला म्हणाली. “माझ्यासाठी मागे थांबशील तर याद राख.” मग ती निशाजवळ वाकली, तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

“पाण्यात तोंड उघडू नका रे,” वाहरूकाका म्हणाले. “बोलायचं ते काठावर बोलून घ्या.”

“का काका?”

“तोंडात पाणी जातं म्हणून, गाढवा.”

पुढे दिलवर, मागे नवलसिंग. मांड्या बुडाल्या, कंबर बुडाली. दोघांनी बांबू खांद्यावरून उचलून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. गोधडीच्या तळाला पाणी लागलं तशी निशा ओरडली. पाणी थंड नव्हतं. तेच दिलवरला बरं वाटलं नाही. तो पावलापुढे पाऊल चाचपत गेला. एक झाड आडवं वाहत आलं, त्याच्या बरगडीला घासून गेलं. नदीचा मध्य आला असेल. तेवढ्यात बांबूचं मागचं टोक खाली गेलं.

नुसतं हललं नाही, गेलंच. झोळी उतरती झाली, निशाचे पाय पाण्यात गेले आणि दिलवरच्या हातातला बांबू मागे ओढू लागला.

“खांदा!” तो ओरडला. तोंडात पाणी गेलं, तरी ओरडला. “खांदा द्या रे! कुणी पण! खांदा!”

त्या पाण्यात कोण होतं ऐकायला? पण तोंडाला सवय असते.

आणि मागचं टोक वर आलं.

सावकाश आलं. ना धक्का, ना डगमग. झोळी सरळ झाली आणि सरळच राहिली. मागून कुणी जोर लावत आहे असं वाटेना. एखाद्या झाडाच्या बेचक्यात बांबू नेऊन ठेवावा, तसा तो स्थिर होता. दिलवरला विचार करायला सवड नव्हती. तो पुढे सरकला. कंबर मोकळी झाली, गुडघे मोकळे झाले, पायाला वाळू लागली.

४

“नवल, जिवंत आहेस ना रे?” काठ चढताना त्याने समोर बघतच विचारलं.

मागून उत्तर नाही.

“गिळलंस वाटतं नदीचं पाणी. गिळ, तेवढाच पूर कमी होईल.”

तरीही नाही. नवलसिंग ज्याला उत्तर देत नाही असा टोमणा अजून जन्माला यायचा होता. दम लागला असेल, दिलवरने स्वतःला समजावलं. एवढ्या पाण्यातून वर आल्यावर कुणाला बोलवेल?

वाट चढाची होती, दोन्हीकडे सागाची झाडं. भमरीचा आवाज मागे पडत गेला तसे बारीक आवाज ऐकू यायला लागले. निशाचा श्वास. बांबूची करकर. आणि पाण्याची टपटप. ओल्या कपड्यातून पाणी गळतं तशी ती होती, यात काही नवल नाही. दिलवरच्या अंगावरूनही गळत होतं. पण त्याचं गळणं थोड्या वेळात थांबलं. मागचं थांबेना. चढ निम्मा झाला तरी मागे धार लागल्यासारखी टपटप चालूच होती.

पाऊस पडतोय बारीक, तो म्हणाला. पाऊस पडत होताच.

मग त्याला पावलं ऐकू आली. खरं तर ऐकू येईनाशी झाली. मागच्याचं पाऊल त्याच्या पावलात पडत होतं. तो टाकी तेव्हाच, तसंच. तो चिखलात घसरला तर मागेही त्याच क्षणी तेवढंच घसरल्याचा आवाज. नवलसिंगने जन्मभर झोळ्या वाहिल्या होत्या. पाऊल जुळवायचं नाही हे त्याला सांगायला नको होतं. दिलवरने मुद्दाम पाऊल आखूड टाकलं. मागचं पाऊलही आखूड पडलं.

आणि एवढं पाऊल जुळूनही झोळी झुलत नव्हती. जराही नाही.

५

चढाच्या वर वाट मोठं वळण घेते आणि परत नदीच्या बाजूला येते. तिथं माणसाला मान न वळवता खालची सगळी भमरी दिसते. दिलवरने सहज खाली पाहिलं.

पलीकडच्या काठावर त्याची आई उभी होती, काळी छत्री धरून. बाजूला वाहरूकाका, काठीसकट. आणि त्या दोघांच्या मध्ये, दगडावर, लाल बनियन घातलेला नवलसिंग. चिखलाने भरलेला, एक हात पोटाशी धरलेला. दुसरा हात तो वर करून हलवत होता. तोंड उघडत होता, मिटत होता. भमरीपुढे त्याचा आवाज इथवर पोचणं शक्य नव्हतं.

दिलवरचे पाय चालत राहिले. पायांना कुणी थांब म्हटलं नव्हतं.

चांगलं झालं, तो मनात म्हणाला. नवल वाचला. वाहत गेला आणि त्याच काठाला लागला. आणि आपण ओरडलो तेव्हा या बाजूचा कुणीतरी गडी पाण्यात उतरला, त्याने खांदा दिला. असंच तर होतं. नेहमी असंच होतं. नाव विचारायचं नाही, म्हणून तो बोलत नाही. शहाणा माणूस आहे.

या बाजूला, डांबर लागेपर्यंत, एकही घर नव्हतं. हे दिलवरला लहानपणापासून माहीत होतं. आता ते माहीत नसल्यासारखं करून तो चालू लागला.

झोळी खाली ठेवता आली असती. पुढे सपाट कातळ होता, तिथं सगळेच विसावा घेतात. कातळ जवळ येत होता. ठेवायची आणि वळायचं. वळल्यावर मागे कुणी नसलं तर? मग तो एकटा, निशा कातळावर, आणि गाडी डोंगराच्या त्या अंगाला. एकट्याला झोळी उचलता येत नाही. पाठीवर घ्यावी तर लेकरू आडवं. आणि मागे कुणी असलं तर?

झोळीतून निशा कण्हली, लांब, बारीक. त्या आवाजात आता जोर उरला नव्हता.

कातळ आला. दिलवरने तो ओलांडला.

“चल,” तो पुढे बघत म्हणाला. त्याच्या आवाजाला त्याचीच लाज वाटली, इतका तो काकुळतीचा होता. “कुणी पण अस बाबा. चल. मला तिथवर पोचव. मी बघत नाही तुझ्याकडे. चल.”

मागचं पाऊल त्याच्या पावलात पडलं.

६

“हो,” निशा म्हणाली.

“काय झालं? पाणी पाहिजे?”

“नको.” जरा वेळाने परत, “हो. बरं.”

“कुणाशी बोलतेस?”

“तुझ्याशी. अजून कोण आहे इथे?”

तिला ताप चढला असेल, दिलवरला वाटलं. त्याने चाल वाढवली. मागचीही वाढली.

“असा बघू नको ना रे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडं हसू होतं, नवऱ्याला दटावताना असतं तसं. “मिट जरा डोळे. पाऊस जातोय त्यात.”

दिलवरने डोळे मिटले नाहीत. त्याचे डोळे वाटेवर होते, आणि निशाला त्याची फक्त पाठ, तीही डोकं वळवलं तरच, दिसायला हवी होती. त्याने बांबू अजून घट्ट धरला.

“हो रे बाबा,” निशा म्हणाली. “किती वेळा विचारशील? तुझंच आहे. तूच घे आधी.”

वाट आता भाताच्या खाचरांमधून जात होती. कुणीतरी डोंगरउतारावर बांध घालून चार वाफे केलेले. सगळे पाण्याने काठोकाठ भरलेले, रोपं बुडालेली, वर नुसतं करड्या आभाळाचं पाणी. दिलवरने त्यात बघायचं नाही असं ठरवलं. आणि बघितलं.

पाण्यात तो होता, उलटा. बांबू होता. झोळी होती, गोल, जड. आणि मागे माणूस होता. माणूसच होता, हात-पाय असलेला. त्या एका क्षणात दिलवरला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या खांद्यावर बांबू होता. पण बांबू धरायला त्याचा हात वर गेलेला नव्हता. दोन्ही हात पुढे, झोळीच्या खाली होते, ओंजळ केलेले. पावसात पन्हळीखाली कुणी ओंजळ धरून उभं राहावं, तसे. मान खाली वाकलेली, पुढे, नको तेवढी लांब. तोंड दिसत नव्हतं, निशाच्या तोंडाच्या एवढ्या जवळ ते होतं.

वाऱ्याने पाणी मोडलं.

झोळीला आधार देतोय तो, दिलवर म्हणाला. बरं करतोय. हे तो वाट संपेपर्यंत म्हणत राहिला. शेवटी ते शब्द उरले नाहीत, नुसते ओठ हलत राहिले.

७

डांबर लागलं तिथं पांढरी जीप उभी होती. हेमराज ड्रायव्हर टपावर हात ठेवून पावसात उभा. हा खालच्या सपाटीवरचा, कोरीटचा माणूस. डोंगरात नोकरी करून आठ पावसाळे काढले तरी बोली अहिराणीच.

“उनात का रे भो!” त्यांना येताना बघून तो ओरडला. “कव्हयना उभा शे मी आठे! चाल, चाल, मी धरस मांगलं टोक. तू पुढलं सोडू नको.”

तो धावत दिलवरच्या बाजूने मागे गेला. दिलवरला बांबू किंचित हलल्याचं जाणवलं. मागे आता हेमराजचा धापा टाकणारा, तंबाखूचा वास असलेला श्वास होता. दोघांनी झोळी जीपच्या मागच्या दारातून आत सरकवली. भार उतरला.

दिलवर वळला.

वाट रिकामी होती. साग, पाऊस, चिखल. चिखलात पायांचे ठसे होते, पण पाऊस ते एकेक करून बुजवत होता, आणि किती जणांचे ते आता कुणाला सांगता आलं नसतं.

“बठ ना,” हेमराज म्हणाला. मग वाटेकडे बघत थांबला. “तुन्हा भाऊ नही येस का गाडीमा?”

“कुठला भाऊ?”

“तो मांगे व्हता ना. जुळा शेतस का रे तुम्ही? तेच नाक, तेच डोकं. मी म्हनं, देवनी एकच साचा दोनदा वापरा.”

“मला भाऊ नाही,” दिलवर म्हणाला.

हेमराजचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. त्याने परत वाटेकडे पाहिलं नाही. “नही ना,” तो म्हणाला. “मंग जाऊ दे. बठ लवकर.” मग त्याने जीप अशी हाकली की वळणावर दगड खाली दरीत जाऊन पडले. सगळ्या वाटेत तो आरशात बघत होता, आणि दर वेळी आरसा थोडा बाजूला फिरवत होता.

८

सडकेवरचा दवाखाना म्हणजे चार खोल्या आणि एक ओटा. भमरी डोंगराला वळसा घालून त्याच्या मागच्या उताराखालून जाते, त्यामुळे तिचा आवाज इथंही भिंतींतून येतो. पंख्याचा आवाज असावा तसा तो येत राहतो. नवा माणूस वर बघतो, पंखा बंद असतो.

निशाला आत नेलं. दार लागलं. दिलवर ओट्यावर बसला. बाजूला ताप आलेलं मूल घेऊन एक बाई, पायाला फडकं बांधलेला एक म्हातारा. म्हाताऱ्याने विडी पुढे केली. दिलवरने ती कानामागे खोचली आणि विसरला. आतून आवाज येत होते. मग येईनासे झाले. ते जास्त वाईट होतं. त्याने देवमोगरा मातेला कोंबडा बोलला, मग बकरा बोलला, मग जे आपल्याकडे नाही तेही बोलला.

मग आतून एक बारीक, रागावलेला आवाज आला, आणि तो रडणं नाही असं म्हणायला जगात कुणाची छाती झाली नसती.

रूपाली सिस्टर दारात आली. “मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत,” ती म्हणाली. “तुमच्या आईचा हात फिरला होता का पोटावर? तरीच. वाटेत वळलं असेल लेकरू, सरळ होऊन आलं.” दिलवरने तिथंच ओट्यावर डोकं टेकलं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. “आधी तो चिखल धुऊन या,” सिस्टर म्हणाली, “मग देते हातात.”

नळ इमारतीच्या मागे होता. त्याने हात धुतले, तोंड धुतलं, पायांचा चिखल दगडाने घासून काढला. लेकराला लागू नये म्हणून नखंसुद्धा धुतली. धुता धुता तो रडत होता आणि हसत होता, आणि वाटेतलं सगळं त्याला दारूच्या तारेत पाहिल्यासारखं वाटायला लागलं. होता कुणीतरी. भला माणूस होता. उपकारच झाले.

तो मागच्या दाराने आत गेला तेव्हा निशा एका कुशीवर पडली होती. ओठ पांढरे, पण डोळे उघडे.

“पुढे कोण होतं रे?” तिने विचारलं.

“कुठे पुढे?”

“झोळीच्या पुढे. दादा होता का? आवाज दादाचा वाटला नाही. एकसारखा काहीतरी विचारत होता.” ती थकून हसली. “तू बरा मागे राहिलास. तुझं तोंड दिसत होतं म्हणून मी निघाले त्यातून. सगळी वाट एकदा पापणी हलवली नाहीस.”

दिलवर खाटेचा गज धरून उभा राहिला.

“निशा, पोरगी कुठे?”

“काय रे गंमत करतोस. आत्ता नाही का घेतलीस?”

“मी?”

“वाटभर मागत होतास. तूच घे आधी म्हटलं ना मी. घेतलीस ना?” तिच्या आवाजातलं हसू गेलं. “दिलवर? घेतलीस ना तू?”

तो वळला तर सिस्टर दारातच होती, हातात दुपटं घेऊन. “आलात? बरं झालं,” ती म्हणाली. “हे पांघरायचं राहिलं होतं. दाखवली का आजीला?”

“कुठल्या आजीला?”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना. आई वाट बघतेय, तिला दाखवून आणतो. मला वाटलं ओट्यावर असतील.”

त्याची आई भमरीच्या पलीकडे होती. छातीभर पाण्याच्या पलीकडे, छत्री धरून.

मागे निशाने किंकाळी फोडली, ती त्याने पळता पळता ऐकली. ओट्यावरच्या बाईने त्याला बघून तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्याची विडी खाली पडली. “तू तर आत्ता,” तो म्हणाला, आणि बोट तेवढं उताराकडे केलं. दिलवर ओट्यावरून खाली उडी मारून धावला. नळाच्या बाजूने, कुंपणातून, उताराच्या पायवाटेने. पाय घसरत होते, तो हातांवर उठत होता. “सोड तिला!” तो ओरडत होता. “मला ने! मला ने ना!” पावसाने त्याचा आवाज त्याच्याच अंगावर परत टाकला. खाली भमरी मोठी होत होती. वाट झुडपांत वळत होती, पुढचं काही दिसत नव्हतं.

खालच्या वळणावर हेमराज नाल्याच्या पाण्याने जीप धूत असावा. झुडपांच्या पलीकडून त्याचा आवाज आला, मोठा, भाबडा, काळजीचा.

“ओ दिलवरभो! तान्ही पोर लिसन कोठे चालना रे? तठे पूर शे ना!”

दिलवर अजून त्या वळणावर पोचला नव्हता.